पाळणाघराचं बिल कोणी भरायचं?

कॅम्पस इंटरव्ह्यूला जाताना तुम्ही काय काय विचारायचं ठरवता? पॅकेज किती, बॉण्ड आहे का, वर्क फ्रॉम होम मिळेल का. ‘ऑफिसात पाळणाघर आहे का?’ असं कोणी विचारलेलं ऐकलंय?

मीही विचारलं नसतं. पण गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीनं, ताईनं, नोकरी सोडली. बाळ आठ महिन्यांचं, सासू-सासरे गावी आणि घराजवळचं पाळणाघर सहाला बंद. ताई ऑफिसातून निघायचीच साडेसहाला. ऑफिसात दोनशे माणसं होती, पाळणाघर मात्र नव्हतं.

खरं तर ते असायलाच हवं होतं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. 50 कर्मचारी बरं का, 50 महिला नव्हे! आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट आहे.

मग घोडं अडतं कुठे? पैशांत. पाळणाघराचा खर्च मालकाचा. बहुतेक ऑफिसांत 26 आठवड्यांच्या रजेचा पगारही त्याचाच. हा खर्च नफ्यातून वजा होतो, पण करात खास सवलत नाही. मग एखादा मालक मनात हिशेब करतो, ‘मुलगी घेतलीच नाही तर?’ मुलींसाठीचा कायदा मुलींच्याच आड येतो, तो असा.

अमेरिकेनं उलटा रस्ता धरला. तिथे सक्ती नाही, आमिष आहे. 2001 च्या कायद्यानं कंपनीला पाळणाघरावरच्या खर्चाच्या 25 टक्के रक्कम थेट करातून कमी करून मिळायची, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. 2026 पासून हे प्रमाण 40 टक्के आणि मर्यादा 5 लाख डॉलर झाली. छोट्या उद्योगांना तर 50 टक्के. पण जुनी सवलत फार थोड्या कंपन्यांनी घेतली. आधी पदरचे पैसे घाला, सवलत नंतर. आणि नफाच नसेल, तर कर कुठला आणि सवलत कुठली?

म्हणजे नुसती सक्ती पुरत नाही, नुसती सवलतही नाही. आपला कायदा सामायिक पाळणाघराला परवानगी देतो. एमआयडीसीतल्या चार-पाच कंपन्यांनी मिळून एक चालवलं आणि सरकारनं त्यांना करात हात दिला, तर ओझं वाटलं जाईल.

तोवर आपण काय करायचं? विचारायचं. आणि मुलांनो, हे तुम्हीही विचारा. फक्त मुलींनीच विचारलं, तर त्यांच्याच नावापुढे फुली बसेल. बाळ काही एकट्या आईचं नसतं.

ताई आता पुन्हा इंटरव्ह्यू देतेय. पॅकेजचं नंतर बघू म्हणते, आधी पाळणाघराचं विचारणार.