काकांचं पोट, काकूचं पोट

सावरगावचा म्हटलं की पुढचा प्रश्न गोटमारीचाच येतो. तो विषय पोळ्याच्या वेळी. आज पोटाचं बोलू.

आमच्या काका-काकूंना वर्षानुवर्षे एकच त्रास. सकाळी मुरडा, पोट फुगणं, कधी दोन दिवस पोट साफ नाही, तर कधी सारखी धावपळ. काका नागपूरला तीनदा जाऊन आले. तपासण्यांत काही निघालं नाही, निदान झालं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. काकू ओवा चघळत राहिली. एकदा गेली, तर "मनाचे खेळ आहेत, टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकून परतली.

हे मन म्हणजे नेमकं काय, ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ब्रूस नॅलिबॉफ आणि सहकाऱ्यांनी तपासलं. आयबीएस असलेल्या स्त्री-पुरुषांच्या गुदाशयात छोटा फुगा फुगवून दाब दिला आणि तेव्हाच पेट स्कॅनने मेंदू पाहिला. २००३ साली 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या नियतकालिकात ते छापून आलं. स्त्रियांमध्ये अमिग्डालासारखे भावनांशी जोडलेले भाग जास्त जागे झाले. पुरुषांमध्ये वेदना आवरणारे आणि शरीरातली जाणीव टिपणारे.

आता कुणी म्हणेल, बघा, बायका मनाला लावून घेतात! तसं नाही. फुगा खरा होता, दाब खरा होता. शिवाय हे सरासरीतले फरक आहेत, एकेका माणसाला लागू करायचे नाहीत.

औषधांतही फरक दिसला. सेरोटोनिनचं काम अडवणारं अलोसेट्रॉन अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये जुलाबाचा आयबीएस असलेल्या फक्त स्त्रियांसाठी मंजूर झालं. आतड्याचा रक्तपुरवठा घटण्याच्या गंभीर तक्रारी आल्या म्हणून नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं आणि २००२ मध्ये कडक अटींवर परत आणलं.

पाश्चात्त्य देशांत आयबीएसच्या रुग्णांत स्त्रिया जास्त. आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र पुरुषच जास्त दिसतात. आपल्या बायकांची आतडी निराळी आहेत, असं मला वाटत नाही. सासऱ्यांसमोर संडासाचं कसं बोलायचं, आणि संत्र्याची तोड चालू असताना नागपूरला नेणार कोण? त्यात जी पोचते तिला टेन्शनचं ऐकवतात.

घरात कुणी असा त्रास अंगावर काढत असेल तर आधी एवढं विचारा: शौचात रक्त जातं का, वजन घटलंय का, रात्री झोपेतून उठावं लागतं का? यातलं एकही असेल तर त्याला आयबीएस म्हणून सोडून देऊ नका, तपासण्या लगेच करून घ्या.