लॉन मोठी, म्हणून बसून चालवायचे मशीन?

पळस्पे फाट्यावरून एक रस्ता कर्नाळ्याकडे आणि पुढे गोव्याला जातो, दुसरा जुन्या हायवेने खोपोलीकडे. या दोन रस्त्यांच्या आतल्या गावांत ज्यांनी एकर-दोन एकर जागा घेऊन घर बांधले, त्यांच्यापुढे जुलैत एकच अडचण उभी राहते: शनिवारी येऊन पाहावे तर लॉन घोटा बुडेल एवढी वाढलेली. मग ‘राइड-ऑन मोवर’ घेण्याचा विचार सुरू होतो. ट्रॅक्टरसारखे बसायचे, पोटाखालच्या डेकमध्ये पाती फिरतात, गवत कापले जाते. यंत्र चांगलेच आहे. पण ते घेताना जे गृहीत धरले जाते, त्यातले बरेचसे इथल्या जमिनीवर आणि इथल्या पावसात टिकत नाही.

पहिला गैरसमज एकराचा. एकर म्हणजे ४० गुंठे, पण त्यातून घर, विहीर, गाड्यांची जागा, आंबा-काजूची झाडे आणि भाजीचे वाफे वजा केले की मोकळी लॉन अनेकदा १० गुंठ्यांच्या आतच भरते. मोजायची ती एवढीच. ढकलत न्यायच्या साध्या मशीनची कापणी अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद असते. माणूस सावकाश चालला, वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे धरले, तरी तासाला साधारण १५ गुंठे होतात. ४२ इंची डेकचे राइड-ऑन मोकळ्या सपाट मैदानात तासाला एकराच्या जवळपास कापते. म्हणजे १० गुंठ्यांसाठी फरक जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यातही दर दहा पावलांवर झाड आले की मोठे मशीन मागेपुढे करण्यातच वेळ जातो आणि बुंध्याभोवतीचे गवत शेवटी हातानेच काढावे लागते. माझ्या मते सलग, मोकळी लॉन २० गुंठ्यांच्या वर असेल तरच या खरेदीचा विचार करावा. त्याआधी फाटकाची आणि दोन झाडांमधल्या वाटेची रुंदी मोजावी. ४२ इंच हे फक्त पात्यांचे माप आहे, मशीन त्याहून रुंद असते.

‘घोडाशक्ती जास्त, तेवढे मशीन चांगले’ हे तर सोडूनच द्यावे. डेकच्या रुंदीला पुरेल एवढे इंजिन असले की झाले.

खरा घोळ जमिनीत आहे. पनवेलच्या या पट्ट्यातली पुष्कळ जागा मुळात भातखाचरांची. वर मुरूम-मातीचा भराव टाकून लॉन केली, तरी खाली पाणी धरून ठेवणारी चिकणमाती तशीच राहते. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. गवत सर्वांत जोरात वाढते तेही याच महिन्यांत. म्हणजे मशीनची गरज सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच जमीन दोनशे किलोचे यंत्र आणि वर बसलेला माणूस पेलायला तयार नसते. म्हणून खरेदीचा निर्णय मे महिन्यातल्या टणक जमिनीवर उभे राहून करू नये. जुलैत, एक दिवस उघडीप मिळाल्यावर लॉनवर चालून पाहावे. टाचेच्या खड्ड्यात पाणी भरत असेल, तर तिथे चाकोऱ्या पडणारच. अशा जागेला हलके, ढकलायचे मशीनच योग्य. राइड-ऑनचे टायर रुंद असतात आणि त्यांत हवा कमी, सहसा १० ते १५ पीएसआयच ठेवायची असते, ती वजन पसरावे म्हणूनच. पंक्चरवाल्याने मोटारीइतकी हवा भरून दिली तर तो फायदा गेला.

‘गुडघाभर गवतही यातून निघेल’ हाही तसाच समज. लॉनमोवर हे राखलेली लॉन कापण्यासाठी आहे, कुंपणाकडेच्या रानगवतासाठी नाही. उंच ओले गवत डेकमध्ये कोंबले जाते, पट्टे घसरतात. शिवाय गवतात दडलेला मुरमाचा दगड दिसत नाही. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असतो. त्या वेगाने उडालेला खडा माणसाला गंभीर जखमी करू शकतो. रानगवताला खांद्यावरचा ब्रश कटर किंवा सरळ विळा घ्यावा. पायात गमबूट हवेतच, कारण घोणस आणि फुरसे दोन्ही या भागात आहेत.

एकदाच बुडापासून कापले की महिनाभर निवांत, असे अनेक मालक माळ्याला सांगतात. यात गवताचे नुकसान होते. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच काढावा. हरळीची लॉन दोन इंच ठेवायची असेल तर ती तीन इंच झाल्यावर कापायची. पावसाळ्यात ही वेळ आठवड्याच्या आतही येते, त्यामुळे काम शनिवारवर ठेवून चालत नाही. मशीन तिथे राहणाऱ्या माणसाला नीट शिकवलेले हवे. बारीक कापलेले गवत जागीच राहू द्यावे. ते लवकर कुजते आणि त्यातला नत्र लॉनलाच परत मिळतो.

उतारावर चार चाकी मशीन सुरक्षित वाटते, पण तसे नाही. बहुतेक पुस्तिकांत १५ अंशांची कमाल मर्यादा असते, म्हणजे १०० फूट आडव्या अंतरात सुमारे २७ फूट चढ. राइड-ऑन ट्रॅक्टर उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. ढकलायचे मशीन मात्र आडवे चालवायचे, म्हणजे पाय घसरला तरी माणूस पात्याखाली जात नाही. गवत ओले असेल तर उताराला हातच लावू नये. आणि मुलाला मांडीवर बसवून फेरी कधीही मारू नये, सपाट जमिनीवरसुद्धा.

एक गोष्ट दुकानात सहसा निघत नाही, ती पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर मोवरच्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. दिवाळीनंतर गवताची वाढ मंदावली की मशीन आठवडेच्या आठवडे उभे राहते, तेवढ्यात टाकीच्या तळाशी पाणी बसते आणि कार्बोरेटर चोंदतो. म्हणून ‘ई-२० चालते का’ हे विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे. मशीन उभे करताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. मग ते थंड होऊ द्यावे, किल्ली काढावी, स्पार्क प्लगची वायर सोडवावी आणि मगच डेकखालचा गवताचा थर खरवडावा. तो ओला राहिला की पत्रा आतून गंजतो.