सहा मीटरची उडी

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत माणसं जवळपास सव्वाअकरा कोटी. एवढ्या पसाऱ्याची मानचिन्हं म्हणून सरकारदरबारी नेमलेले जीव मात्र सातच: शेकरू, हरियाल, आंबा, तामण, ब्लू मॉर्मन फुलपाखरू, पांढरी चिप्पी ही खारफुटी आणि पापलेट. पहिले चौघे जुने मानकरी. फुलपाखरू २०१५ साली आलं, चिप्पी २०२० साली आणि पापलेट २०२३ साली.

अमेरिकेत ही हौस आणखी दांडगी. मॅसॅच्युसेट्स राज्याचा तर अधिकृत डोनटही आहे! टेक्ससला एका सस्तन प्राण्यावर भागलं नाही, म्हणून मोठा वेगळा, छोटा वेगळा आणि उडणारा वेगळा असे तीन नेमले. त्यातला उडणारा म्हणजे एक वटवाघूळ. सॅन अँटोनिओजवळच्या ब्रॅकन गुहेत उन्हाळ्यात ही वटवाघळं दीड कोटीच्या वर जमतात. २०११ साली अख्ख्या मुंबई महापालिका हद्दीत माणसं होती सव्वा कोटीच्या आसपास.

आपल्याकडे एवढी गर्दी शोधायची तर आंब्याखाली उभं राहावं. कर्जत-खालापूरकडे समुद्र नाही, त्यामुळे चिप्पी आणि पापलेट बाद. उरलेल्या पाचांसाठी मात्र हा पट्टा सोयीचा आहे. माघात इथला एखादा जुना रायवळ मोहोरला की एकेका तुऱ्यावर शेकडो, कधी काही हजार फुलं असतात. हिशेबापुरते झाडावर हजार तुरे धरू आणि तुऱ्याला हजार फुलं. झाली दहा लाख. त्यातली बरीचशी नुसती नरफुलं, त्यांना फळ धरायचंच नसतं. उरलेल्यांतली काही तुडतुडा खातो, काही ढगाळ हवेत करपतात, बारक्या कैऱ्या वाऱ्याने गळतात. हजारात एक फूल पिकेपर्यंत टिकलं तरी झाडाने नाव काढलं म्हणायचं. म्हणजे दहा लाखांतून हजार आंबे, आणि त्यांतले निम्मे माकडांचे.

तामणही असंच उधळं. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ओढ्याकाठी ते जांभळं होतं. एक फूल तळहातावर घेऊन पाहा. बहुधा सहा पाकळ्या, कडेला चुण्या पडलेल्या, कागद चुरगाळून पुन्हा उलगडावा तशा. मधल्या पिवळ्या झुबक्यात शंभराहून अधिक पुंकेसर. पुढे बोंडं तडकली की पंख असलेल्या बिया वाऱ्यावर सुटतात. इतक्या हलक्या, की किलोभरात लाखाच्या वर बसतील.

ब्लू मॉर्मनचा हिशेब वजनाचा आहे. मादी लिंबाच्या कुळातल्या झाडाच्या पानावर मोहरीएवढं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी काही आठवड्यांत मूळ वजनाच्या हजारपटीच्या आसपास जाते. तीन किलोचं बाळ त्याच हिशेबाने वाढलं तर तीन टनांचं, म्हणजे हत्तीएवढं होईल, आणि तेही बारशाचे पेढे संपायच्या आत.

हरियालचं खातं वेगळं. मादी एका वेळी दोनच अंडी घालते. ही हिरवी कबुतरं जमिनीवर क्वचितच उतरतात, वड-पिंपळ-उंबराच्या शेंड्यांवरच त्यांचं सगळं चालतं. उंबराचं फळ म्हणजे आत दडवलेला फुलांचा गुच्छ. हरियाल एक उंबर गिळतो तेव्हा शेकडो फुलांचं फलित एका घासात जातं.

आणि शेकरू. बहुधा एकच पिल्लू. खांडसहून शिडीघाटाने किंवा गणेशघाटाने भीमाशंकर चढलात तर हा तांबूस प्राणी डोक्यावर दिसू शकतो. त्याच्यासाठी राखलेलं भीमाशंकर अभयारण्य १३०.७८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे राज्याच्या तेवीसशेव्या हिश्शाहूनही लहान. शेपूट वगळता अंग चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, वजन दीड-दोन किलो, आणि उडी सहा मीटरची. अंगाच्या पंधरापट! माइक पॉवेलचा १९९१ सालचा लांब उडीचा विश्वविक्रम ८.९५ मीटरचा आहे. माणसाला शेकरूचं प्रमाण लावलं तर उडी पंचवीस मीटरची पडेल. खालापुरातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची एक लेन पावणेचार मीटरची, सहा लेनचं नुसतं डांबर साडेबावीस मीटर. शेकरूच्या ताकदीचा माणूस ते एका उडीत पार करेल. खुद्द शेकरू मात्र दुसऱ्या लेनमध्ये पडेल.

आंबा दहा लाख फुलं उधळून हजार फळांवर समाधान मानतो, त्याचं चार तुऱ्यांनी बिघडत नाही. एका पिल्लावर संसार चालवणाऱ्याला असली उधळपट्टी परवडत नाही. शेकरू फांदीवरून फांदीवर जगतं. एकाहून अधिक गोल घरटी बांधतं, तीही बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथे जड शिकारी पोचत नाही. खाली उतरणं म्हणजे कुत्र्याच्या आणि बिबट्याच्या तोंडी जाणं. तेव्हा कोटी आणि लाख बाजूला ठेवा. या प्राण्यापुरता कामाचा आकडा एकच: सहा मीटर, म्हणजे वीस फूट.

डोंगराच्या पायथ्याला सध्या जमीन गुंठ्यावर विकली जाते. फार्महाऊसच्या जाहिराती कर्जत स्टेशनापासून सुरू होतात आणि नेरळपर्यंत पाठ सोडत नाहीत. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. सगळ्यात लहान प्लॉट सपाट केला, तरी तो शेकरूच्या उडीहून तेरा फुटांनी रुंद होतो. एकराचा चौरस प्लॉट घेतला तर बाजू दोनशे आठ फुटांच्या पुढे, म्हणजे दहाहून अधिक उड्या, आणि मध्ये पाय टेकायला फांदी नाही.

त्याच गुंठ्याच्या बरोबर मध्ये एक जुना रायवळ राहू दिला, तर त्याच्या खोडापासून दोन्ही कडांना अंतर उरतं साडेसोळा फूट. फांद्यांचा घेर त्यातून वजा करायचा तो वेगळाच.