भर हंगामात उभी न राहणारी गाडी

लासलगावच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याची आवक वाढली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या शेजारी पिकअपच्या रांगा लागतात. कांदा मोकळाच भरलेला असतो आणि लिलाव गाडीतच होतो. व्यापारी हौद्यातला माल वरून, खालून, कडेने पाहतात, बोली सुटते, गाडी भुईकाट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते आणि पुन्हा काट्यावर येते. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की शेतकऱ्याचा माल किती ते कळते. गाडीवर किती बोजा पडला तेही त्याच पावतीवर असते, पण त्या आकड्यासाठी ती कोणी पाहत नाही.

तो आकडा घरबसल्याही काढता येतो. 1.7 टन क्षमतेच्या पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. मोकळा कांदा एका घनमीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो भरतो. म्हणजे हौद्यात दोन फूट उंचीपर्यंत कांदा भरला की कंपनीने सांगितलेली वजनाची मर्यादा जवळजवळ गाठली. पण भाडे द्यायचे तर दोन फुटांवर कोण थांबतो? फाळक्यांवर फळ्या चढतात, थर तीन फुटांवर जातो आणि गाडीत पावणेचोवीसशे-चोवीसशे किलो बसतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. तरी फळ्या चढतातच. नाशिक जिल्ह्यात कुठली पिकअप जास्त टिकते हा प्रश्न या तिसऱ्या फुटापासून सुरू होतो.

अमेरिकेत अशा प्रश्नाची उत्तरे वेगळ्या वाटेने शोधतात. जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या ते मोजते. आयसीकार्स ही कंपनी कोणत्या गाड्या अडीच लाख मैलांच्या, म्हणजे चार लाख किलोमीटरच्या पुढे जातात याची यादी काढते, आणि त्या यादीत टोयोटाची टुंड्रा वरच्या जागा धरून असते. ब्रिटनमध्ये ‘टॉप गिअर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 2003 मध्ये एक जुनी टोयोटा हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पेटवली, शेवटी पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या छतावर ठेवली आणि ती ढिगाऱ्यातून पुन्हा सुरू करून दाखवली. पाहायला मजा आली. पण त्या हायलक्सने तीन फूट कांदा घेऊन चांदवडच्या कच्च्या शिवाररस्त्यावरून रोज दोन खेपा केल्या नव्हत्या. भारतात 2022 पासून मिळणारी हायलक्स तर दुहेरी केबिनची, तीस लाखांच्या घरातली गाडी आहे; ती फार्म हाऊसच्या फाटकात शोभते, बाजार समितीच्या रांगेत ती कोणी आणत नाही.

इथल्या शेतकऱ्याच्या आणि भाडेवाल्याच्या लेखी टिकाऊपणाची व्याख्या सरळ आहे. गाडी हंगामात किती दिवस उभी राहिली? द्राक्षाची तोडणी जानेवारी ते एप्रिल चालते. टोमॅटो पिंपळगाव बसवंतला त्याच दिवशी पोचला नाही तर भाव हातचा जातो. वर्षातून एकदाच बिघडणारी, पण सुट्या भागासाठी चार दिवस गॅरेजात अडकणारी गाडी इथे नाजूक ठरते. वर्षातून पाच वेळा बिघडून दर वेळी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर येणारी गाडी दणकट मानली जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात या हिशेबाला रकाना नसतो.

या हिशेबात महिंद्राला नाशिकमध्ये घरच्या मैदानाचा फायदा आहे. 1945 मध्ये सुरू झालेली ही कंपनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडू लागली. सातपूरचा कारखाना 1981 चा. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्या तिथून बाहेर पडल्या. इगतपुरीत कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे. सातपूरमध्येच बॉशचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’चा, डिझेल नोझलचा कारखाना आहे आणि सिएटचे टायरही तिथेच बनतात. इंजिन, नोझल, टायर आणि गाडी एकाच जिल्ह्यात तयार होतात तेव्हा त्या कारखान्यांत काम करून बाहेर पडलेले फिटर, टर्नर, वेल्डरही त्याच जिल्ह्यात गॅरेज टाकतात. आडगावपासून पिंपळगावपर्यंत मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या गॅरेजांना या कारागिरीचा मोठा आधार आहे.

बोलेरो पिकअपचे इंजिन 2523 सीसीचे, चार सिलिंडरचे. त्याच्या सिलिंडरचा व्यास 88.9 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 101.6 मिलिमीटर. आकडे विचित्र वाटतात, पण ते इंचांत मोजले की सुटसुटीत होतात: बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. महिंद्राने 1963 मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली आणि 1977 मध्ये ती आपल्यात विलीन केली. हार्वेस्टरच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनाचे मापही हेच होते. गाडीत बसवताना त्याला टर्बो लागला, थेट इंधन फवारणी आली, पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले, पण खालचा सांगाडा शेताच्या वंशाचा. लांब धावेचे इंजिन कमी फेऱ्यांत जोर देते. या इंजिनाची पूर्ण 200 न्यूटन मीटर ओढ 1400 फेऱ्यांपासूनच मिळू लागते आणि अश्वशक्ती मात्र 75 च्या आसपास. महामार्गावर ही गाडी मागच्या ट्रॅव्हल्स बसचा हॉर्न ऐकत चालते. ओल्या काळ्या मातीत, पहिल्या गिअरमध्ये, भरलेला हौदा बांधावरून काढायचा असेल तेव्हा तिची किंमत कळते.

टाटांची वाट निराळी होती. 1988 ची टाटामोबाईल ही त्यांची पहिली पिकअप. पुढे 207 आली आणि तिच्यात 407 ट्रकच्या घरातले जवळपास तीन लिटरचे इंजिन बसले. 207 ही जड, आवाज करणारी, हट्टी गाडी होती, आणि नाशिकच्या बांधकाम साहित्याच्या धंद्यात तिने पुष्कळ वर्षे काढली. 2005 मध्ये टाटा एस आली. सगळा महाराष्ट्र तिला छोटा हत्ती म्हणतो. तिचे 702 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन म्हणजे इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा अर्धा भाग, आणि क्षमता पाऊण टन. शहरातल्या भाजी मंडईपासून दुकानापर्यंतच्या कामाला एसइतकी हुशार गाडी त्या वेळी दुसरी नव्हती. तिच्यात दीड टन कांदा घालणाऱ्यांनी मात्र तिला बदनाम केले. टाटांची आजची खरी पिकअप म्हणजे योद्धा. सप्टेंबर 2022 मध्ये आलेल्या योद्धा 2.0 ला दोन टनांची मान्यता आहे, इंजिन 2.2 लिटरचे, 100 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटरचे. नुसते कागद समोर ठेवले तर योद्धा बोलेरोच्या पुढे आहे. महिंद्रानेही हे ओळखले. एप्रिल 2023 मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपची जी मालिका आली तिच्यातली सर्वांत मोठी गाडी दोन टनांची आणि दहा फुटी हौद्याची आहे.

तरीही देशात साडेतीन टनांखालच्या मालवाहू गाड्यांचा अर्ध्याहून जास्त बाजार महिंद्राकडे आहे. नुसत्या जाहिरातीवर इतकी वर्षे असा बाजार टिकत नाही.

अशोक लेलँडच्या दोस्तबद्दल पिकअपवाले जरा वेगळ्या सुरात बोलतात. 2011 मध्ये निस्सानच्या भागीदारीत आलेल्या या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरचे, दीड लिटरचे. केबिन बसायला बरी, डिझेल कमी, डांबरी रस्त्यावर चालायला गोड. नाशिकहून वाशी, सुरत किंवा पुण्याला रोज धावणाऱ्याने दोस्त किंवा तिची मोठी बहीण बडा दोस्त घेतली तर त्याचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. शेताच्या बांधावर मात्र जुने लोक बोलेरोच मागतात. इसुझूची डी-मॅक्स बांधणीने उत्तम आहे, पण भर हंगामात सुट्या भागाची वाट पाहायची तयारी असेल त्यानेच तिच्याकडे वळावे.

आता तुटते काय, ते पाहू. या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना मागे सलग आस आणि पोलादी पाटे असतात. तिसरा फूट भरला की पाटे सपाट होतात, आणि खड्ड्यात चाक आदळले की एखादा पाटा मधल्या बोल्टजवळ तडकतो. कारण तिथे बोल्टसाठी भोक असते आणि ताण तिथेच गोळा होतो. गॅरेजात काम साधे आहे: गाडी जॅकवर घ्यायची, गंजलेले यू-बोल्ट गॅसने कापायचे, पाट्यांची चळत उतरवायची, तुटका पाटा बदलायचा आणि मालकाच्या आग्रहाने वर एक जादा पाटा चढवायचा. खरा घोटाळा त्या जादा पाट्यापासून होतो. पाटे कडक झाले की धक्का जिरत नाही, तो थेट चेसीत जातो. मग सहा महिन्यांनी पाट्याचे हँगर जिथे चेसीला जोडलेले असते तिथे केसाएवढी चीर दिसते. तिच्यावर वेल्डिंग होते, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि पुढची चीर बोटभर अंतरावर पडते. ‘या कंपनीची चेसी कच्ची’ अशी तक्रार ऐकली की आधी त्या गाडीचे पाटे मोजावेत.

या प्रकाराचा अभ्यास जुना आहे. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की एका फटक्यात न मोडणारा धातू तोच ताण हजारो-लाखो वेळा बसला की मोडतो, आणि ताण थोडा वाढवला तरी आयुष्य पुष्कळ घटते. रस्त्यांचेही तसेच. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून काढलेला नियम सांगतो की आसावरचे वजन सव्वापट झाले तर रस्त्याची झीज सुमारे अडीचपट होते. म्हणजे तिसऱ्या फुटाचा कांदा गाडीही खातो आणि तिला पुढे आदळणारा खड्डाही तोच पाडतो.

घाटांचा हिशेब आणखी वेगळा. नाशिकचा बहुतेक माल मुंबईकडे उतरतो. भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि रिकामी वर येते. त्यामुळे वाशीच्या भाड्यासाठी पिकअप निवडताना अश्वशक्तीपेक्षा ब्रेक आणि चालकाची शिस्त मोलाची. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारा चालक दोन पावसाळ्यांत कुठल्याही कंपनीचे लायनर संपवतो, आणि लायनर संपण्याआधी नशीब संपले तर त्याहून वाईट. पेठकडून येणाऱ्या गाडीची तऱ्हा उलटी. तिला सावळ घाट भरल्या वजनाने चढायचा असतो, तिथे क्लचप्लेट जळते. बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरची खोड जुन्या चालकांना अजून आठवते: ती पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी. मागे माल भरला आणि चढ लागला की पुढची चाके हलकी होत आणि पावसात जागेवर फिरत. ज्यांनी हे भोगले त्यांनी मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपचे स्वागत का केले, ते वेगळे सांगायला नको. आता 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आहे आणि जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून कसारा टाळता येतो. सलग वेगाने धावायचे असेल तर दोस्त, योद्धा यांचे पारडे त्या रस्त्यावर जड होईल.

निवाडा मागितलाच तर असा देता येईल. कांदा, ऊस, खत आणि शिवाररस्ता असेल तर बोलेरो किंवा मॅक्स. कागदोपत्री दोन टन हवे असतील आणि जवळ टाटांचे चांगले वर्कशॉप असेल तर योद्धा. रोजचा लांबचा डांबरी पल्ला असेल तर दोस्त. शहरात पाऊण टनापर्यंतच्या कामाला छोटा हत्ती. द्राक्ष आणि टोमॅटोवाल्याने आणखी एक गोष्ट पाहावी: फार कडक पाट्यांची गाडी अर्धीच भरली तर उसळते आणि खालच्या क्रेटमधला माल दबतो. जास्त दणकट गाडी त्याच्या कामाची नसूही शकते.

टिकाऊपणाच्या या हिशेबात एक मोठा बदल होतो आहे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष आले आणि सगळ्याच कंपन्यांच्या डिझेल पिकअपमध्ये सेन्सर, धूर गाळणारी यंत्रणा आणि बारीक वायरिंग शिरले. हौद्यात शेणखत आणि बॉनेटखाली सेन्सर, असा तो संसार. ट्रॅक्टरच्या वंशाच्या इंजिनाला पान्याने दुरुस्त करणाऱ्या फिटरला आता स्कॅनर लागतो, आणि सारख्या छोट्या खेपा करणाऱ्या गाडीची धूर-गाळणी तुंबली तर हातोडी कामाला येत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी आरटीओत पासिंग करावे लागते. 2020 च्या गाड्या आठ वर्षांच्या या वळणाकडे येत आहेत. पहिल्या मालकाच्या हातून, कंपनीच्या वर्कशॉपमधून सुटून त्या आता निफाड, येवला, सटाण्याच्या दुसऱ्या मालकांकडे जात आहेत. जुनी पिकअप पाहायला आलेले गिऱ्हाईक अजूनही आधी चेसीखाली वाकून हँगरवर वेल्डिंग आहे का ते बघते. त्याच्याबरोबर आलेला फिटर मात्र आता डॅशबोर्डखालच्या सॉकेटात स्कॅनरची पिन खोचतो, जुने दोषकोड वाचतो आणि मगच भावाची बोलणी सुरू होतात.