पेण-रोहा : ताटात काय, हक्काचं किती?

दोन शब्द, दोन अर्थ : अन्नसुरक्षा म्हणजे पोटभर अन्नाची खात्री. पोषणसुरक्षेत प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं, शिवाय स्वच्छ पाणी आणि आरोग्यसेवाही येतात.

रेशन : राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य गटात माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून मोफत.

कातकरी : दोन्ही तालुक्यांत वाड्या. कोलाम आणि माडिया गोंडांप्रमाणे विशेष असुरक्षित आदिवासी गटात नोंद. बहुतेक कुटुंबं भूमिहीन. दिवाळीनंतर वीटभट्टी, कोळसाभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरचे महिने काळजीचे, कारण मूल गावच्या अंगणवाडीतल्या आहाराला आणि वजनकाट्याला दुरावतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे भट्टीजवळच्या दुकानातही धान्य घेता येतं.

दंडघेर (६ महिने ते ५ वर्षे) :
- ११५ मिमीपेक्षा कमी : तीव्र कुपोषण (सॅम)
- ११५ ते १२५ मिमीच्या आत : मध्यम (मॅम)
- दोन्ही पावलांवर कुपोषणाची सूज : घेर कितीही असो, तीव्रच

वयाच्या मानाने कमी उंची म्हणजे खुजेपणा. तो दंडघेरावरून कळत नाही.

शिवार : खरिपात भात, त्यानंतर वाल. डोंगरउतारावर नाचणी, वरी. पेणच्या खारपट्ट्यात जमीन खारट. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कंटोळी.

कुठे जायचं : गावची अंगणवाडी (योजनेची सुरुवात २ ऑक्टोबर १९७५), एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, पेण. रेशनच्या तक्रारीसाठी हेल्पलाइन १९६७.