एका रिक्षात किती मुलं?

सकाळचे पावणेसात. जबलपूरच्या अधारतालची किंवा गढ्याची कुठलीही गल्ली घ्या. दारासमोर ऑटोरिक्षा भोंगा वाजवत थांबते. मागच्या सीटवर चार मुलं, त्यांच्या गुडघ्यांना टेकून समोर टाकलेल्या फळीवर आणखी दोन-तीन आणि ड्रायव्हरच्या बाजूला एक, अर्धा आत, अर्धा बाहेर. दप्तरं बाहेरच्या हुकांना लटकलेली. आई आपल्या मुलाला त्या गर्दीत कसंबसं कोंबते, "हात आत घे रे" म्हणते आणि रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभी राहते.

ती आई चार वर्षं मी स्वतः होते. एका पावसाळ्यात वळणावर रिक्षा कलली, बाजूला बसलेला माझा मुलगा रस्त्यावर पडला आणि हनुवटीला तीन टाके पडले. त्या दिवशी रिक्षावाल्यावर मी खूप चिडले. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "भाभीजी, तीन बच्चों में घर नहीं चलता." त्या वेळी मला ते उद्धटपणाचं वाटलं. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा त्याचं म्हणणं खोटं नव्हतं हे लक्षात आलं.

आपणही हा हिशेब करून पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या गल्लीतले दर घालून घ्या. समजा, रिक्षात आठ मुलं बसतात आणि प्रत्येकाचे महिन्याला १,००० रुपये. रिक्षावाल्याच्या हातात ८,००० पडले. त्यातून पेट्रोल किंवा गॅस, हप्ता, दुरुस्ती. आता तेच ८,००० तीनच मुलांमध्ये वाटले, तर प्रत्येक घराला सुमारे २,६७० रुपये द्यावे लागतील. आपल्यापैकी किती जण देतील? म्हणजे त्या फळीवर बसलेली मुलं केवळ रिक्षावाल्याने बसवलेली नाहीत, त्यात आपलाही हात आहे.

कायदा मात्र स्पष्ट आहे. ५ जानेवारी २०१८ रोजी इंदूरमध्ये शाळेच्या बसला भीषण अपघात झाला. त्यात चार मुलं आणि बसचालक दगावले. त्यानंतर न्यायालयात गेलेल्या याचिकांवर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या वाहनांसाठी सविस्तर नियम घालून दिले. बारा वर्षांपेक्षा जुनी बस शाळेसाठी नको आणि रिक्षात ड्रायव्हर धरून चौघांपेक्षा जास्त नकोत. त्याआधी १९९७ मध्ये दिल्लीत मुलांनी भरलेली बस यमुनेत कोसळली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने पिवळा रंग, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचं साधन आणि अनुभवी चालक हे सगळं शाळेच्या बसला बंधनकारक केलं. नियम चांगलेच आहेत. पण नियमात बसणारी बस महाग पडते आणि जे परवडतं ते नियमात बसत नाही, ही खरी अडचण आहे. मध्यमवर्गीय घर याच कात्रीत सापडतं.

वाट घड्याळातून निघते

या कात्रीतून निघण्याची वाट मला सापडली ती घड्याळात. गाडीत जास्त मुलं भरण्याऐवजी गाडीच्या जास्त खेपा करायच्या. वरच्याच उदाहरणातली तीन रिक्षांमधली २४ मुलं घ्या. ती मिळून महिन्याला २४,००० रुपये देतात. बारा आसनांची परवान्याची गाडी ठरवली, तिने सकाळी दोन आणि दुपारी दोन खेपा केल्या आणि त्याचे महिन्याला ३०,००० झाले असं समजू. प्रत्येक घराला १,२५० रुपये पडले. म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळते आणि फरक पडतो अडीचशे रुपयांचा. एवढे पैसे बहुतेक घरांतून निघतात.

अडचण एकच. दोन्ही खेपांतल्या मुलांना एकाच घंटेला पोचायचं असेल तर पहिल्या खेपेची मुलं शाळेच्या दारात अर्धा-पाऊण तास ताटकळत बसतात. लहानांचे वर्ग आणि मोठ्यांचे वर्ग यांच्या वेळांत चाळीस मिनिटांचं अंतर ठेवलं तर हा प्रश्न सुटतो. अमेरिकेत शाळांच्या पिवळ्या बसचं चित्र आपण सिनेमात पाहतो. त्या बसचा रंग आणि मापं १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत ठरली. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं चटकन दिसतात म्हणून तो रंग. पण त्या बसची खरी काटकसर रंगात नाही. तिथे अनेक ठिकाणी मोठ्या मुलांची शाळा आधी भरते आणि लहानांची नंतर, म्हणून एकच बस, एकच चालक सकाळी दोन-तीन शाळांच्या फेऱ्या करतो. आपल्याकडे गावातल्या सगळ्या शाळा जणू एकाच मिनिटाला सुटतात आणि मग रसेल चौकापासून गोरखपूरपर्यंत रस्ते तुंबले की आपण महानगरपालिकेला नावं ठेवतो!

गाडी ठरवताना एक गोष्ट जरूर पाहा. नंबरप्लेट पिवळी, काळ्या अक्षरांची हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी व्हॅन थोडी स्वस्त पडते, पण भाड्याने मुलं नेण्याचा तिला परवाना नसतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र, विमा, चालकाचं लायसन्स यांच्या प्रती मागून घ्या. मागायला संकोच वाटतो खरा. मलाही वाटला होता.

महाराष्ट्रातल्या शाळांकडे या बाबतीत एक सोय आहे. तिथल्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि परिवहन खात्याचे अधिकारी. थांबे कुठे आणि भाडं किती, हे या समितीत ठरतं. समिती कागदावरच राहिली तर उपयोग नाही, हे उघड आहे. पण हिशेब मागायला पालकांना एक जागा तरी असते. आपल्याकडे पालक-शिक्षक संघाच्या सभेत स्नेहसंमेलनाच्या पोशाखांवर तासभर चर्चा होते. तिथेच वाहतुकीचा विषय दहा मिनिटं काढायला काय हरकत आहे?

ज्याला गाडीच लागत नाही

आता ज्यांची शाळा एक-दीड किलोमीटरवर आहे त्यांच्याविषयी. एवढ्या अंतरासाठीही आपण रिक्षा लावतो, कारण मूल एकटं कसं जाणार? आमच्या वसाहतीत फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. नातवाला पोचवायला ते चालत जात. हळूहळू शेजारच्या वहिनींनी आपली मुलगी सोबत दिली, मग समोरच्यांनी. आता सात मुलं त्यांच्या मागे रांगेने निघतात. एखादं मूल तयार नसेल तर आजोबा दारात दोन मिनिटं थांबतात आणि मग पुढे निघतात, बसच जणू. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात अशीच 'चालती शाळाबस' सुचवली आणि ती पुढे अनेक देशांत पोचली. जपानमध्ये तर लहान मुलं शेजारपाजारच्या गटाने, मोठ्या इयत्तेतल्या मुलाच्या मागे, चालत शाळेत जाण्याची रीत जुनीच आहे. खर्च शून्य. फक्त रोज पाळी लावून कुणीतरी मोठं माणूस हवं. आजोबांना ताप आला तर त्या दिवशी कोण जाणार हे आधी ठरलेलं असावं, नाहीतर दोन दिवसांत सगळं मोडतं. आमचं एकदा मोडलं होतं!

मोठ्या मुलांसाठी सायकल. जबलपूरला सायकल शिकवायला नको. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, व्हेइकल फॅक्टरी यांचे भोंगे झाले की रस्ताभर सायकलींचा लोंढा लोटायचा, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच गावात आता नववीतला मुलगा स्कूटरच मागतो आणि आपण देतोही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकालाच २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे घरात सगळ्यांनी एकदा वाचून ठेवावं.

सायकल किती काम करते याचा पुरावा शेजारच्याच राज्याने नव्हे, पण फार दूर नसलेल्या बिहारने दिला आहे. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती त्या गावांत फरक सर्वांत जास्त होता. ज्या मुली 'लांब आहे' म्हणून घरी बसल्या असत्या, त्या पायडल मारत शाळेत गेल्या. मध्य प्रदेशातही सरकारी शाळेतल्या ग्रामीण मुलामुलींना दुसऱ्या गावी शिकायला जावं लागत असेल तर सहावीत आणि नववीत सायकल देण्याची योजना आहे. आपल्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या बाईंची मुलगी गावाकडे शिकत असेल, तर तिच्या शाळेत चौकशी करायला त्यांना सांगा. माहिती नाही म्हणून हक्क सुटतात.

शहरात मात्र सायकलीला भीती ट्रकांची आणि मिनीबसची. म्हणून रांझीहून नेपियर टाऊनला येणाऱ्या मुलाला मी सायकल घे म्हणणार नाही. तेवढ्या अंतराला सार्वजनिक बसच बरी. माझं माहेर विदर्भातलं. तिकडे एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला तिकिटाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो आणि खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी वेगळ्या निळ्या बसही सोडल्या गेल्या. माझी भाची त्या पासावर शिकली. तिची तक्रार एकच असे, शाळेच्या वेळेला बस यायची नाही. पास स्वस्त आणि बस वेळेवर, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. जबलपूरच्या मेट्रो बसच्या वेळाही शाळांच्या घंटांशी जुळवून घ्यायला हव्यात. ही मागणी एकट्या पालकाने केली तर कुणी ऐकत नाही. दोन-तीन शाळांनी आपल्या लेटरहेडवर वेळ आणि मुलांची संख्या लिहून पाठवली, तर त्या पत्राला वजन येतं.

आमच्या वसाहतीने यंदा बारा आसनांची गाडी ठरवली. त्याच रिक्षावाल्याच्या थोरल्या भावाची आहे, परवान्याची. आमचा जुना रिक्षावाला आता तिच्यावर चालक आहे. दुसऱ्या खेपेसाठी शाळेने लहानांचे वर्ग पस्तीस मिनिटं उशिरा भरवायचं कबूल केलं, तेही तिसऱ्या भेटीनंतर. दोन घरं अडीचशे जास्त नकोत म्हणून बाहेर पडली, तेव्हा उरलेल्यांवर थोडा भार वाढला.

आपल्याकडे असं काही करायचं असेल तर जून-जुलैची वाट पाहू नका. सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि रिक्षावाले पुढच्या वर्षाची मुलं मार्चमध्येच ठरवून टाकतात. फेब्रुवारीत एका रविवारी चहाला शेजारच्यांना बोलवा आणि कोणाचं मूल कोणत्या शाळेत, किती वाजता, एवढंच आधी एका कागदावर लिहून काढा.