आपला माणूस परक्या कोर्टात

मुंबई-गोवा महामार्गावर बांद्याजवळ इन्सुलीचा तपासणी नाका लागतो. उत्पादन शुल्क खात्याचे लोक डिकी उघडायला लावतात. परवान्याशिवाय आणलेली गोव्याची दारू सापडली, की बाटल्या जप्त होतात आणि गाडीही अडकते. पण गोव्यात गुन्हा करून कोणी सावंतवाडीत लपला, तर तिथले पोलीस येतात, इथल्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड घेतात आणि त्याला घेऊन जातात. दोन राज्ये असली तरी देश एकच आहे.

1844 साली तसे नव्हते. सावंतवाडी संस्थानातला ब्रिटिशांविरुद्धचा उठाव मोडल्यावर फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे साथीदार पोर्तुगीज गोव्यात शिरले. ब्रिटिशांनी त्यांना मागितले, गोवा सरकारने दिले नाही. 1858 च्या बंडानंतर फोंड सावंतांची मुले पोर्तुगीजांच्या हाती आली. तेव्हाही ती ब्रिटिशांकडे गेली नाहीत, त्यांची रवानगी तिमोरला झाली.

हा परक्याला आसरा देण्याचा मामला होता. मागितलेला आरोपी आपलाच नागरिक असेल, तर प्रश्न अधिक बोचरा होतो. ‘आपलो माणूस परक्याक कित्याक देवचो?’ असे कोणी विचारले, तर त्याला देशद्रोही-देशप्रेमी अशा भाषेत उत्तर देता येत नाही.

आपला नागरिक द्यायचा की नाही, याच्या जगात दोन रीती आहेत. फ्रान्स आणि जर्मनीसारखे देश परंपरेने आपला नागरिक देत नाहीत. त्यांचा कायदा नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला घरीच चालवू शकतो. ब्रिटनची रीत उलटी. तिथे गुन्हा जिथे घडला तिथेच खटला, हे मुख्य सूत्र. त्यामुळे माणूस दिला नाही, तर तो मोकळाच सुटण्याची भीती. म्हणून ब्रिटन आणि अमेरिका स्वतःचे नागरिकही देतात.

भारताने दोन्ही वाटा धरल्या आहेत. अमेरिकेशी 1997 साली झालेल्या करारात नागरिकत्व हे नकाराचे कारण ठरत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी 1999 साली झालेल्या करारात मात्र दोन्ही देशांनी आपापले नागरिक द्यायचे नाहीत, त्याऐवजी घरी खटल्यासाठी प्रकरण पुढे न्यायचे, असे ठरले. कोकणातली कितीतरी घरे दुबई-अबुधाबीच्या पगारावर चालतात, त्यामुळे हे कलम इथे फार लांबचे नाही. तिकडे गुन्हा करून गावी परतलेल्या माणसाला अमिराती मागून नेऊ शकत नाही. पण त्याच्यावरचा खटला इथे उभा राहायला हवा.

तो उभा करणे सोपे नाही. भारतीयाने परदेशात केलेला गुन्हा आपल्या कायद्याच्या कक्षेत येतो, पण त्याचा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. त्यात साक्षीदार तिकडे, पंचनामा तिकडे आणि कागद परक्या भाषेत.

उलट, दिल्यावर काय होते ते मणिंदर पाल सिंग कोहलीच्या प्रकरणात दिसते. 2003 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टनमध्ये हॅना फॉस्टर या 17 वर्षांच्या मुलीचा खून झाला. सँडविच पोचवणारी व्हॅन चालवणारा कोहली भारतात पळून आला आणि नाव बदलून दार्जिलिंगच्या बाजूला राहू लागला. हॅनाचे आईवडील स्वतः भारतात आले, लोकांना आवाहन केले आणि 2004 च्या जुलैत तो पकडला गेला. तो भारतीय नागरिक होता. तरी भारताने त्याला 2007 साली ब्रिटनच्या हवाली केले आणि पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. डीएनए पुरावा आणि बहुतेक साक्षीदार तिकडेच होते. हा खटला भारतात चालवायचा म्हटला असता, तर पुरावाच विमानाने आणावा लागला असता.

द्यायचे म्हणजे डोळे मिटून द्यायचे नाही. आपल्या प्रत्यार्पण कायद्यात मॅजिस्ट्रेट आधी प्रथमदर्शनी पुरावा तपासतो, मग केंद्र निर्णय घेते. वर अटी घालता येतात. पोर्तुगालने मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम याला 2005 साली भारताकडे सोपवले, ते फाशी नाही आणि 25 वर्षांहून जास्त कैद नाही या हमीवर. 2017 साली मुंबईच्या टाडा कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. 2022 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाला सरकार बांधील असल्याचे सांगितले. सालेम पोर्तुगालचा नागरिक नव्हता. परक्यासाठी जी हमी मागता येते, ती आपल्या माणसासाठी मागायला कोण अडवते? शिक्षा मायदेशी भोगण्याची सोयही 2003 च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याने करून ठेवली आहे.

म्हणून पासपोर्ट ही ढाल होऊ नये. पुरावा तपासून, फाशी नाही अशी हमी घेऊन आपला नागरिकही द्यावा. आणि जिथे करारामुळे देता येत नाही, तिथे पूर्वमंजुरीच्या फायलीला मुदत असावी. ‘आम्ही देणार नाही’ म्हणणाऱ्या सरकारला ‘आम्ही खटला चालवू’ हेही म्हणावेच लागते. ते न करता नुसता नकार देणे म्हणजे गुन्हेगाराला सांभाळणे.